बाटलीतलं शेपूट

त्यांना सगळे आटेकाका म्हणत. नट, बोल्ट, प्लग, ज्याला म्हणून आटे असतात आणि ज्याचे म्हणून आटे जातात, ते सगळं शेवटी त्यांच्याकडे यायचं. गाडीचं बाकी काही त्यांना विचारायची सोय नव्हती. ब्रेक लागत नाही? समोर मिस्त्री बसलाय. चाकात हवा कमी? कोपऱ्यावर जा. पण पाना नुसता फिरतोय आणि बोल्ट काही घट्ट होत नाही, एवढं कोणी म्हटलं की काकांचे डोळे चमकायचे. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान बघून इतका खूश होणारा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. पुढे खिडकीपाशी काकूंचं शिलाई मशीन, मागे काकांचं टेबल, मध्ये पडदा. कपड्यांना तेलाचे डाग लागू नयेत म्हणून काकूंनी तो लावला होता आणि गप्पा मारता याव्यात म्हणून काकांनी तो कायम सरकवून ठेवला होता. टेबलावर पाने ओळीने टांगलेले, आणि सगळे आखूड. काकांनी स्वतः करवतीने त्यांचे दांडे अर्ध्यात कापले होते. लांब दांडा हातात आला की माणसाला आपली ताकद कळत नाही आणि अॅल्युमिनियमचे आटे बघता बघता खलास होतात, असं त्यांचं म्हणणं. "गाडीवर राग काढायचा असेल तर लाथ मारा," ते गिऱ्हाइकांना सांगत, "पण बोल्ट दोन बोटांनी आवळा."

काम हातात घेण्याआधी ते गेलेल्या बोल्टकडे भिंगातून बराच वेळ बघत बसायचे. मग चौकशी. शेवटचा कोणी आवळला? घाईत होता का? डावखुरा आहे का? गिऱ्हाईक वैतागायचं. त्याला गाडी हवी असायची, आणि इथे पोलिसांसारखी उलटतपासणी. पण काकांना ते कळल्याशिवाय चैन पडत नसे. बिघडलेल्या आट्यावर बिघडवणाऱ्याचा हात उमटतो आणि तो ओळखता आला पाहिजे, हे वेड त्यांना चाळीस वर्षं पुरलं होतं.

गेलेल्या आट्यांवर त्यांचा उपाय असा. भोक जरा मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेची एक गुंडाळी फिरवून बसवायची. तिला ते कॉइल म्हणत. जुना प्लग, जुना बोल्ट त्या कॉइलमध्ये पुन्हा नव्यासारखा बसतो. या कॉइलच्या खालच्या टोकाला तारेचा एक आडवा तुकडा असतो, बसवताना हत्याराला पकडायला. तेच शेपूट. कॉइल बसली की लांब चोचीच्या पकडीने ते हलवून मोडायचं आणि बाहेर काढायचं. तांदळाच्या दाण्याएवढं ते शेपूट, पण इंजिनाच्या आत पडलं आणि कोणी गाडी सुरू केली, तर पिस्टनची वाट लागलीच म्हणून समजा.

म्हणून काकांचा नियम होता. मोडलेलं प्रत्येक शेपूट फळीवरच्या काचेच्या बाटलीत जायचं. शेपूट बाटलीत गेल्याशिवाय गाडीला चावी लागायची नाही, मग मालक कितीही पाय आपटो. बाटली आता पाऊण भरली होती.

नियमाची मूळ मालकीण मात्र काकू होत्या. लग्नानंतर बारा वर्षं त्या कपड्यांच्या कारखान्यात होत्या. तिथे सुई मोडली की अख्खी लाइन थांबायची. सुईचे सगळे तुकडे सापडले पाहिजेत, कागदावर चिकटवले पाहिजेत, मगच मशीन सुरू. कोणाच्या तरी शर्टात सुईचं टोक जायला नको. काकूंनी ही गोष्ट एकदा जेवताना सांगितली आणि काकांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी बाटली आली. काकूही घरच्या मशीनवर तसा कागद अजून ठेवत. मोडलेल्या सुया, वर चिकटपट्टी, खाली तारीख.

काका एवढ्यावर थांबते तर ते काका कसले! त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी शेपूट बाटलीत येणार नाही, त्या दिवशी दुकानाला कुलूप." वीस-पंचवीस वर्षं हे वाक्य ते छाती फुगवून म्हणत आले होते. आता सहासष्ट वर्षांचे झाले तरी म्हणत होते. अलीकडे मात्र म्हणताना त्यांची नजर काकूंकडे जायची. मागच्याच आठवड्यात त्यांनी एका सकाळी दोनदा आंघोळ केली होती. दुसऱ्यांदा अंग पुसायला घेतलेला टॉवेल आधीच ओला लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. काकूंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी व्हॅनताई आल्या. शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या, चाळिशीच्या, तोंडाने फटकळ आणि हाताने धीट. पोरांना शाळेत सोडून आल्या होत्या, चार वाजता परत आणायचं होतं. व्हॅन फटफट आवाज करत होती. समोरच्या मिस्त्रीने बघून सांगितलं होतं, "प्लगचे आटे गेलेत. इंजिनाचं हेड उतरवायला नको असेल तर काकांकडे जा."

काकांनी प्लग भिंगाखाली धरला.

"कोणी बसवला?"

"गॅरेजमध्येच असेल कुठेतरी," व्हॅनताई म्हणाल्या.

"नाही. पहिले दोन आटे एकाच बाजूने खाल्लेत. वाकडा बसवला आणि पान्याने दामटला. गॅरेजवाला आधी हाताने फिरवतो. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याचं, आणि तेही गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून." काकांनी वर बघितलं. "तुमची उंची किती?"

व्हॅनताई हसल्या. "मोबाइलवर बघून केलं हो मीच. डाव्या बाजूनेच. हात पोचत नव्हता."

"वा!" काका म्हणाले. रागावायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, बरोबर निघालं!" काकूंनी मशीन न थांबवता मान डोलावली. असलं त्या रोज ऐकत होत्या.

काम व्हॅनपाशीच, दुकानाच्या दारात सुरू झालं. काकांनी पिस्टन वर आणून ठेवला. आटे पाडायच्या हत्याराला पिवळं ग्रीस फासलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, आत सांडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मग कॉइल बसवली. मग लांब चोचीची पकड आत गेली, आणि टक्. शेपूट मोडल्याचा तो आवाज त्यांना कुठेही ओळखू आला असता.

आणि नेमकं तेव्हाच व्हॅनताईंनी विचारलं, "काका, हे सगळे आटे उजवीकडेच का घट्ट होतात? डावीकडे का नाही?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न काकांना कोणी विचारला नव्हता. ते स्वतः मात्र तरुणपणापासून त्याचं उत्तर खिशात घेऊन फिरत होते. आता काय विचारता! पकड हातात तशीच धरून ते दुकानात शिरले, व्हॅनताई मागोमाग. बाटलीच्या फळीशेजारी भिंतीचा एक चौकोन काळा रंगवलेला होता, मिस्त्री लोकांना समजावण्यासाठी. काकांनी पकड डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने खडू उचलला आणि दंड काढला, कोपर काढलं.

"आपण बहुतेक सगळे उजवे. उजवा हात बाहेरच्या अंगाला पिळा बघू. आता उलटा पिळा. जोर कशात जास्त? ज्याने पहिला स्क्रू केला त्याने आवळायला जोराची बाजू ठेवली. सोडायला कमी जोर लागतो, असं त्याला वाटलं असणार. गंजलेला बोल्ट त्याने कधी पाहिला नसणार!"

व्हॅनताई हवेत हात पिळून बघत बाहेर गेल्या. "खरंच की हो," त्या रस्त्यातून ओरडल्या.

थोड्या वेळाने काका व्हॅनपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी पकडीकडे बघितलं. चोच रिकामी होती.

त्यांनी चोच उघडून पुन्हा पाहिली. टक् आठवत होतं. प्रश्न आठवत होता, खडूने काढलेलं कोपर आठवत होतं. मग एकदम व्हॅन. मधलं काही नव्हतं. आपण बाटलीपाशी काही गेलो नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं वाटत होतं.

"चावी लावू नका," ते म्हणाले. "शेपूट पडलंय कुठेतरी."

मग शोध सुरू झाला. दारापासून व्हॅनपर्यंतची जमीन ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं भिंगाखाली पाहिलं. पायपुसणं झटकलं. काकांचे खिसे उलटे केले, बाह्या झटकल्या, व्हॅनताईंच्या चपलांचे तळसुद्धा पाहिले. लोहचुंबकाचा उपयोग नव्हता, कारण कॉइलचं पोलाद चुंबकाला दाद देत नाही. मिस्त्रीने त्याची कॅमेऱ्याची बारीक नळी आणली आणि प्लगच्या भोकातून आत सोडली. आत काजळीच काजळी, आणि काजळीचा प्रत्येक कपचा शेपटासारखा दिसत होता.

गंमत म्हणजे, एवढ्या काळजीतही काकांना थोडी मजा येत होती. शेपूट एवढंसं, ते मावेल अशा जागा किती? ते एकेक जागा मोठ्याने सांगत आणि बोटावर मोजत. नववी जागा सांगताना त्यांना कुलूप आठवलं आणि बोट तसंच वर राहिलं. मिस्त्रीलाही ते आठवलं असावं. तो उगाच म्हणाला, "काका, बोलण्यात काय असतं. एवढं मनावर घेऊ नका."

"अहो, हे बघा!" दुकानातून काकूंची हाक आली. "सापडलं! उंबऱ्याच्या फटीत होतं!"

व्हॅनताईंनी टाळी वाजवली. मिस्त्री "सुटलो" म्हणाला आणि नळी गुंडाळायला लागला. काकांनी तळहात पुढे केला. काकूंनी त्यावर शेपूट ठेवलं. काकांनी ते भिंगाखाली धरलं. त्यांनी फार वेळ लावला नाही.

"हे बारीक बोल्टचं आहे," ते हळूच म्हणाले. "प्लगचं याच्या दुप्पट जाड असतं. आणि हे कोरडं आहे. माझं ग्रीसने माखलेलं असणार."

काकूंनी पदराशी चाळा केला. त्यांना खोटं कधी नीट जमलंच नव्हतं.

"बाटलीतून काढलंस?"

"हो."

"तू?" काकांचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे, त्यामुळे मिस्त्रीने चटकन दुसरीकडे बघितलं. "सुईचा तुकडा सापडेपर्यंत लाइन बंद ठेवणारी तू? ताईंच्या गाडीत आठ पोरं बसतात."

"कॅमेऱ्यात काही दिसलं नाही ना? आत नाहीच आहे ते," काकू म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि दुकान बंद करून तुम्ही घरात बसलात तर तुमचं काय होईल, ते मला माहीत आहे. म्हणून बोलले खोटं."

ते बारीक शेपूट काकांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "हेड उतरव."

व्हॅनताईंनी कपाळावर हात मारला, पण वाद घातला नाही. त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या व्हॅनवाल्याला फोन लावला आणि चारच्या पोरांची सोय केली. जाताना मात्र म्हणाल्या, "मी प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं."

"असं बोलू नका," काका कळवळून म्हणाले. "प्रश्न फार चांगला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेड उतरलं. मिस्त्रीने ते पांढऱ्या कागदावर उलटं ठेवलं. चारही पिस्टनांच्या डोक्यांवरची काजळी ब्रशने गोळा केली, व्हॉल्व्हच्या कडा पाहिल्या. काका डोळ्यांत तेल घालून बघत होते. शेपूट नव्हतं. काकांनी बसवलेली कॉइल मात्र आरशासारखी लख्ख होती आणि तिच्या तळाला शेपूट मोडल्याची ताजी खूण स्वच्छ दिसत होती.

"आत नाही, बाहेर नाही. म्हणजे हवेत विरघळलं," मिस्त्री म्हणाला. "काका, आता तरी सोडा."

काका दुकानात परतले. काकू मशीनवर होत्या, पण मशीन चालू नव्हतं. कालपासून दोघांत कामापुरतंच बोलणं झालं होतं. काकांनी खिशातून ते बारीक शेपूट काढलं. कुलूप लावायचं तर लावू, पण निदान जे बाटलीतलं आहे ते बाटलीत परत जाऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बाटली फळीवरून उचलली.

झाकणावर पांढरं काहीतरी होतं.

शेपूट पुन्हा खिशात टाकून त्यांनी बाटली उजेडात नेली आणि भिंग लावलं. खडूची भुकटी. आणि भुकटीत एक अंगठा, नखाशेजारी आडवा व्रण असलेला. हा व्रण कोणाचा, ते शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. तो त्यांच्याच उजव्या अंगठ्यावर होता.

"अगं, काल तू बाटली उघडलीस तेव्हा तुझ्या हाताला खडू होता?"

"माझ्या हाताला? नाही. मी कडेला धरून उघडली, हलवली आणि न बघता हाताला आलं ते काढलं."

काका स्टुलावर बसले. आपण खडू कधी उचलला? प्रश्न विचारल्यावर. प्रश्न कधी आला? टक् झाल्यावर. म्हणजे टक् झालं, खडू उचलला, आणि त्यानंतर या अंगठ्याने हे झाकण उघडलं.

"एखादं पांढरं कापड दे."

काकूंनी अस्तराचा तुकडा टेबलावर पसरला. काकांनी बाटली त्यावर उपडी केली. वीस-पंचवीस वर्षांची शेपटं खळखळत बाहेर पडली, कोरडी, करडी, एकमेकांसारखी. दोघं समोरासमोर बसून ती बोटांनी सारू लागली. काकूंची नजर सुईवर पोसलेली, त्यांनाच आधी दिसलं. जाड, चकचकीत, पिवळ्या ग्रीसने माखलेलं, आणि त्या ग्रीसवर खडूची पांढरी भुकटी.

"हे नवं आहे," काकू म्हणाल्या. "आणि हे मी टाकलेलं नाही. आई शप्पथ."

"माहीत आहे. मीच टाकलंय. पकडीला चिकटलं असेल, म्हणून बोटाने काढून टाकलं." काकांनी ते तळहातावर घेतलं. सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. एक क्षण वाटलंही. शोध लागला, आणि तोही स्वतःच्याच अंगठ्यावरून! चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात ओळखले, आज आपला ओळखला. मग तो आनंद ओसरला.

मिस्त्री आणि व्हॅनताई दारात आले होते. शेपूट बघून मिस्त्री नाचायचाच बाकी होता. "बघा! नियम पाळला गेला! कुलूप रद्द!"

"हाताने पाळला," काका म्हणाले. "मला काहीच आठवत नाही." त्यांनी हे सगळ्यांसमोर, सरळ सांगून टाकलं. "मी तिथे उभा होतो, झाकण उघडलं, टाकलं, बंद केलं. आणि मला काहीच आठवत नाही. मागच्या आठवड्यात दोनदा आंघोळ केली मी. मला भीती वाटतेय. काल टाकलेलं विसरलो. उद्या न टाकता टाकलं असं वाटलं तर?"

व्हॅनताई उगाच खडूच्या चित्राकडे बघत राहिल्या.

"आधी डॉक्टरकडे जायचं," काकू म्हणाल्या. "उद्याच. आणि दुसरं. कारखान्यातली गोष्ट तुम्ही अर्धीच ऐकलीत. घास हातात धरून बसलात आणि मग पुढचं काही ऐकलंच नाहीत."

"अर्धी म्हणजे?"

"तुकडे चिकटवले की कागदावर दोन सह्या लागायच्या. जिची सुई मोडली तिची, आणि शेजारच्या मशीनवरच्या बाईची. पन्नास जणींमध्ये बाई दमते, बाई विसरते, हे त्यांना ठाऊक होतं. एकटीच्या शब्दावर लाइन कधीच सुरू व्हायची नाही." त्यांनी शेपटं पुन्हा बाटलीत भरायला घेतली. "आता काल मी खोटं बोलले. माझी सही तुम्हाला चालते का, ते तुम्ही ठरवा."

काकांनी उठून बाटली उचलली, पडद्यापलीकडे नेली आणि काकूंच्या मशीनवर, सुयांच्या कागदाशेजारी ठेवली.

व्हॅन तिसऱ्या दिवशी सुरू झाली. काकांनी मजुरी घेतली नाही, व्हॅनताईंनी त्यावरून भांडण केलं आणि त्या हरल्या. डॉक्टरांनी काही तपासण्या लिहून दिल्या, काही गोळ्या. पुढे काय ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. काकांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की बाहेर रांग लागली.

महिनाभराने व्हॅनताई काहीतरी शिवायला टाकायला आल्या, तेव्हा दारात एक रिक्षा उभी होती. रिक्षावाला काकांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. टक् झालं.

"काका, ही तार चुंबकाला का चिकटत नाही हो?" रिक्षावाल्याने विचारलं.

काकांचे डोळे चमकले. ओठ उघडले. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि एक बोट वर केलं, थांब म्हणून. पकड नाकासमोर धरून, कोणाकडेही न बघता ते खिडकीपाशी गेले. काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि बाटलीचं झाकण काढलं. शेपूट आत पडलं.

"आलं," काका म्हणाले.

काकूंनी वाकून बघितलं. "आलं," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

बाटलीशेजारी सुयांचा कागद होता. मोडक्या सुयांच्या ओळीत शेवटी एक बारीक शेपूट चिकटवलेलं व्हॅनताईंना दिसलं, खाली महिन्याभरापूर्वीची तारीख आणि दोन सह्या.

काका तोवर रिक्षावाल्याला दंडाला धरून भिंतीकडे घेऊन निघाले होते. "हं, आता विचार," ते म्हणाले, "काय म्हणत होतास?"